चाकावरचा हात

वैभवी: नाही आई, त्या टेबलाला नको. वरून काच आहे. क्लॅम्प कसला की तडकेल.

गोपिका: मंग माह्या शिलाई मशीनीले लाव. लाकूड जाड हाय, खाली बिडाचे पाय हाय. डोकं आत पाडलं का वरून सपाट टेबलच होते ते.

वैभवी: अन् तुमचे शिवायचे ब्लाऊज?

गोपिका: ते कोठी पळून चालले का? आज रविवार हाय. कोनी मांगाले आलं तं सांगू, सून गाडी चालवून राहिली, उद्या या.

चंपतराव: गाडी म्हने. खेळण्यातलं स्टिअरिंग हाय ते.

वैभवी: खेळण्यातलं नाही बाबा. आत मोटर आहे याच्या. स्क्रीनवर रस्ता खराब आला की हे हातात धक्का देते.

चंपतराव: मोटर हाय? किती वॅटची?

गोपिका: झालं. हिंगण्याच्या कंपनीत तीस वर्षं मोटरी उघडल्या, रिटायर झाले तरी बोटं खाजवतात. पोरी, यायले आज पेचकस देऊ नको.

वैभवी: आज कोणी काही उघडायचं नाही. अडीच वाजले. पाचला लिस्ट बंद होते.

चंपतराव: कायची लिस्ट? सौरव सांगत होता सकाळी ड्युटीवर जाता जाता. माह्या काही ध्यानात नाही आलं.

वैभवी: सोप्पं आहे. विदर्भातले शंभरेक जण आपापल्या घरून, एकाच ट्रॅकवर, एकसारख्या गाडीनं चक्कर मारतात. कॉम्प्युटर वेळ मोजतो. सगळ्यात कमी वेळ घेणारे सोळा जण फायनलला. फायनल इथंच आहे, नागपुरात, मोठ्या हॉलमध्ये, लोकांसमोर.

गोपिका: मांगच्या साली ही सतरावी होती.

चंपतराव: सतरावी म्हनजे?

गोपिका: म्हनजे एकानं राहिली. दोन दिवस बराबर जेवली नाही. तुमाले वाटलं माह्या भाजीत मीठ जास्त पडलं.

वैभवी: तेव्हा कीबोर्ड चालत होता. बटणं दाबून गाडी चालवायची. यंदा नियम बदलला, स्टिअरिंगच पाहिजे. अन् मी आजपर्यंत कीबोर्डवरच खेळली. हे जुनं स्टिअरिंग मिळता मिळता शेवटचा दिवस उजाडला. ग्रुपवर लिहून राहिले लोक, कीबोर्डवाली ताई आता घरी बसणार म्हणून.

गोपिका: कोन लिहिते?

वैभवी: आहे एक गोलू. धरमपेठचा.

गोपिका: अठरा वर्षं शाळेची व्हॅन चालवली म्या. अर्ध्या धरमपेठचे पोट्टे माह्या व्हॅनीत शाळेत गेले. याचंही नाक म्याच पुसलं असन. तू नको मनावर घेऊ. कस तो पेच.

चंपतराव: सरक, मी कसतो. हां. हालवून पाह्य आता.

वैभवी: पक्कं बसलं. आता पेडल. हे इथं खाली... बघा, ब्रेक दाबला की सरकते. टाइल्सवर टिकतच नाही.

गोपिका: मांगून पाटा टाक.

वैभवी: पाटा? वाटायचा?

गोपिका: मिक्सर आल्यापासून बसूनच हाय तो. मशीनीचा पाय अन् तुहं पेडल, याच्या मधात आडवा घाल. मंग किती दाबाचा तितका दाब ब्रेक.

चंपतराव: माही कंबर, सौरवची माय...

गोपिका: पिच्चर पाहाले तीन घंटे बसते तवा नाही दुखत कंबर. उचला.

चंपतराव: घे. ठेवला. तुह्या मायेरचा पाटा, वजनही तसंच.

वैभवी: अरे यार, काय मस्त. हालतच नाही. विकतचा स्टँड घेतला असता तरी असं बसलं नसतं, आई.

गोपिका: माह्या खाप्याचा दगड हाय तो.

वैभवी: आता ऐका. आधी वायर सीपीयूला लावायची, मग करंट द्यायचा. सीपीयू मशीनच्या मागं, खाली आहे. मी आत घुसते. इथल्या बोर्डवर कुलर लागला आहे, म्हणून एक्स्टेंशन बाहेरच्या खोलीतून आणलं. बाबा, तुम्ही तिकडं स्विचपाशी उभे राहा. मी द्या म्हटलं की द्या.

चंपतराव: कुलर काढून इथंच लाव नं. सीधी बात.

गोपिका: मे महिना हाय. गाडी चालवाच्या आंधी पोरगी शिजून जाईन. जा तुमी बाहेर. अन् मी काय करू वं?

वैभवी: तुम्ही खुर्चीवर बसा. समोर लाल लाइट लागतो का, तेवढं बघा.

चंपतराव: देऊ का?

वैभवी: द्या.

गोपिका: लागला. लाल लागला. अवं बाई...

वैभवी: काय झालं? कुरकुर कशाची झाली?

गोपिका: काही नाही. मी हावो नं इथं. तू ये बाहेर, डोकं आपटू नको.

वैभवी: आली. सरका आई, बसू द्या. हं. गेम सुरू केला, गाडी घेतली, हा सरळ रस्ता. आता फक्त ॲक्सिलरेटर. हे बघा, हात सरळ... अन् गाडी डावीकडे. गेली गवतात.

चंपतराव: तू वळवलं असन.

वैभवी: नाही बाबा. परत बघा. सरळ धरलं आहे ना? परत गेली.

गोपिका: डाव्या अंगाले वढते. एका टायरची हवा कमी झाली का माही व्हॅनही अशीच वढे.

वैभवी: यात हवा नसते, आई. सरळ जायचं तर हे इतकं उजवीकडे धरून ठेवावं लागते. घड्याळात एक वाजला की काटा असते ना, तसं.

चंपतराव: अलाइनमेंट.

वैभवी: थांबा, सेटिंगमध्ये बघते. चाक किती अंश फिरावं ते बरोबर आहे. पेडल बरोबर आहे. तासभर झाला, सगळं बरोबर आहे अन् गाडी गवतात.

गोपिका: तशीच चालवून पाह्य एक चक्कर. एक वाजल्यासारखं धरून.

वैभवी: बघते. ...

चंपतराव: किती आला टाइम?

वैभवी: दोन मिनिटं सहा सेकंद. सोळाव्या नंबरवाल्याचा एक मिनिट त्रेपन्न आहे. तेरा सेकंद, बाबा. इथं लोक अर्ध्या सेकंदासाठी महिनाभर घासतात.

गोपिका: सौरवले विचार.

वैभवी: विचारलं. शिफ्टमध्ये आहे, तरी मेसेज आला. म्हणे सगळं काढ, पुन्हा लाव. परत खाली घुसते. बाबा, तुम्ही बाहेर.

चंपतराव: चाललो. रविवार हाय का ड्युटी, काही समजत नाही.

वैभवी: वायर काढली. पुसली. लावली. द्या, बाबा.

गोपिका: हां. लागला लाल. हां, हां... झालं बराबर. ये.

वैभवी: देवा, आता तरी. रस्ता सरळ, हात सरळ. आई, हे तर वाढलं. आता दोन वाजल्यासारखं धरावं लागून राहिलं.

चंपतराव: पाह्य, मी म्हटलं होतं. वायरीचा काही संबंध नाही. मोटर एका बाजूले कमजोर पडली. चार पेच हाय खाली, पाच मिनटात उघडतो.

वैभवी: उघडू नका बाबा. देणाऱ्यानं सांगितलं आहे, आतली पट्टी सुटली तर परत बसत नाही.

चंपतराव: मले सांगते का तो पट्टी?

वैभवी: सव्वाचार वाजले. पाऊण तास राहिला. ऐका, जाऊ द्या. खरंच जाऊ द्या. गोलू बरोबर बोलला. मागच्या वर्षी एकानं राहिली, यंदा लिस्टमध्ये नावसुद्धा नसेल. मीच येडी. सहा महिने सकाळी उठून, डबे भरायच्या आधी अर्धा अर्धा तास प्रॅक्टिस करून राहिली होती. कशासाठी?

गोपिका: असं नको म्हनू.

वैभवी: मग काय म्हणू?

चंपतराव: पेचकस कोठी हाय?

गोपिका: उघडू नका म्हटलं नं. वस्तू पडली नाही, आपटली नाही, अंदरून बिघडन कशी? दोन्ही डाव म्या तं गच्च धरून ठेवलं होतं.

वैभवी: काय धरून ठेवलं होतं?

गोपिका: चाक. दुसरं काय?

वैभवी: कधी?

गोपिका: तू खाली होती तवा. यायनं बटन दाबलं, लाल लागला, अन् ते आपलं आपण फिराले लागलं. कोनी हात लावला नाही न काही नाही. पह्यल्या डाव अचानक झालं, तरी धरलं म्या. लय जोर मारे. म्हनून दुसऱ्या डाव आंधीच दोन्ही हातानं धरून बसली.

वैभवी: आई.

गोपिका: काय?

वैभवी: त्याला फिरायचंच असते. करंट आला की ते स्वतः पूर्ण डावीकडे जाते, मग पूर्ण उजवीकडे जाते, अन् मोजून ठरवते की आपला मध्य कुठं आहे. मध्येच कोणी धरलं तर ते समजते की रस्ता इथंच संपला. मग मध्य चुकते.

चंपतराव: म्हनजे मोटर ठीक हाय.

वैभवी: सगळं ठीक आहे, बाबा. सगळं.

गोपिका: म्हनजे पोरीचे दीड-दोन घंटे माह्या हातानं गेले.

वैभवी: नाही आई, मीच सांगायला पाहिजे होतं. माझ्या डोक्यातच नाही आलं की कोणी धरेल. कोण धरते?

गोपिका: डायवर धरते. शिटावर कोनी नाही अन् चाक फिरून राहिलं, तं डायवर धरते.

वैभवी: बरं. पस्तीस मिनिटं आहेत. वायर लागलेलीच आहे, मी बाहेर जाऊन स्विच बंद-चालू करते. यावेळी फक्त हात नका लावू.

गोपिका: मी सैपाकघरात जातो. चहा ठेवतो.

वैभवी: कशाला? इथंच बसा.

गोपिका: माह्यासमोर फिरलं तं माहा हात जाईनच.

चंपतराव: असा कसा जाईन? हात हाय का मांजर?

गोपिका: तुमाले नाही समजाचं.

चंपतराव: सांगशीन तं समजन.

गोपिका: टाइम नाही, पोरीचा टाइम चालला.

वैभवी: सांगा, आई. दोन मिनिटांनी काही होत नाही.

गोपिका: बारा वर्षं झाले. सेमिनरी हिल्सचा उतार. सात पोट्टे होते व्हॅनीत. मांगचं दार खडखड करे, म्हनून गाडी बाजूले घेतली, हँडब्रेक वढला, दार लावाले उतरली. ब्रेकची तार सैल झाली असन. दाराचा खटका लावला न लावला, तं गाडी हालली. समोर उतार, अन् उताराखाली चौक. मी धावली. दार उघडाले टाइम कोठी हाय? खिडकीतून हात घातला अन् पाह्यलं, तं शीट रिकामं, अन् चाक आपलं आपण फिरून राहिलं.

वैभवी: मग?

गोपिका: धरलं. वढलं. गाडी बाजूच्या मुरमाच्या ढिगात नेऊन घातली. पोट्ट्याहीले वाटलं काकूनं मज्जा केली. एक पोट्टी म्हने, काकू, अजून एक डाव.

वैभवी: कोणाला लागलं नाही?

गोपिका: खरचटलंही नाही. म्या सगळ्याहीले घरी सोडलं. शेवटचं पोरगं उतरलं, मंग तथीच रस्त्यावर बसली.

चंपतराव: हे मले कधी सांगतलं नाही तू.

गोपिका: नाही सांगतलं.

चंपतराव: बारा वर्षं.

गोपिका: दुसऱ्या दिवशी तुमी चाबी काढून घेतली असती. म्हटलं असतं, बाईमानसाचं काम नोहे, मी आंधीच सांगत होतो.

चंपतराव: घेतली असती.

गोपिका: म्हनून नाही सांगतलं. तार बदलवली, लाकडाचा गुटका ठेवला टायराखाली लावाले, अन् अजून नऊ वर्षं चालवली. पन ते रिकामं शीट डोयापुढून हालत नाही. म्हनून हात जाते. झालं, सांगून टाकलं. जाऊ का आता चहा ठेवाले?

चंपतराव: नको जाऊ. बस इथं, खाटेवर. माह्याजवळ.

गोपिका: कायले?

चंपतराव: हात दे. दोन्ही दे. वैभवी, तू जा बाहेर. दे करंट.

(बाहेरच्या खोलीत खटका वाजला आणि लाल दिवा लागला. रिकाम्या खुर्चीपुढे चाक डावीकडे निघालं, पार टोकाला गेलं, आणि तिथून उजवीकडे वळलं. गोपिकाचे खांदे आपसूक पुढे गेले. पण दोन्ही हात नवऱ्याच्या हातात होते, आणि तीस वर्षं पाने-पकडी वापरलेला तो माणूस सहजासहजी सोडणाऱ्यातला नव्हता. चाक उजव्या टोकाला पोचलं, परत फिरलं आणि मधोमध येऊन थांबलं. कुणाला काही झालं नाही. एवढी साधी गोष्ट बघायला तिला बारा वर्षं लागली, आणि बघून झाल्यावर तिला एकदम हलकं वाटलं.)

गोपिका: थांबलं.

चंपतराव: थांबलं.

गोपिका: मंग सोडा आता हात. सून येऊन राहिली.

चंपतराव: येऊ दे.

वैभवी: झालं का? मध्ये आलं? सरका, सरका. रस्ता सरळ, हात सरळ... आई, सरळ चालली. बघा, एक बोट लावलं आहे नुसतं, तरी सरळ.

चंपतराव: साडेचार.

वैभवी: दोन मिनिटांची एक चक्कर, मध्ये परत सुरू करायला अर्धं मिनिट. दहा-बारा चकरा मिळतील. बोलू नका कोणी.

गोपिका: आमी काहून बोलतो?

वैभवी: ... एक अठ्ठावन्न. ... हे वळण. हेच वळण खाते मला. कीबोर्डवर वळण म्हणजे बटण, दाबलं किंवा सोडलं. इथं किती फिरवायचं ते समजतच नाही. गेली. गोल फिरली.

चंपतराव: तो गोलू मजेत असन आता.

गोपिका: तुमी थांबा जरा. पोरी, एक सांगू का?

वैभवी: सांगा.

गोपिका: तू वळणात ब्रेक दाबते.

वैभवी: मग कुठं दाबू?

गोपिका: वळणाच्या आंधी. सरळ रस्ता हाय तथीच दाबून घे, अन् वळणात शिरताना सोडत जा. माह्या व्हॅनीत वळणात ब्रेक दाबला का मांगचे पोट्टे समोरच्याच्या डब्यावर येऊन पडत. भाजी सांडे, मंग घरून फोन. तीन महिन्यात शिकली मी.

वैभवी: वळणाआधी दाबायचा, शिरताना सोडायचा.

गोपिका: अन् बोनेटसमोर नको पाहू. वळणातून बाहेर जथी निघाचं हाय, तथी पाह्य. मान तिकडे गेली का हात जाते आपोआप.

चंपतराव: चार चाळीस.

वैभवी: ... आई, नाही फिरली. निघाली सरळ. एक चोपन्न नऊ.

गोपिका: तिसऱ्या वळणावर हात ताठ केले तू. ढिले ठेव. चाक काय सांगून राहिलं ते ऐक.

वैभवी: थरथरून राहिलं.

गोपिका: मंग टायर सांगून राहिलं का बस झालं. तितकंच ठेव, जास्तीचं मांगू नको.

वैभवी: ... एक त्रेपन्न चार. सोळाव्या नंबरचा आता एक बावन्न तीन झाला. लोक खाली आणून राहिले टाइम.

चंपतराव: चार एकोणपन्नास. पानी पी.

वैभवी: नको.

गोपिका: पी. दोन घोट. तहानेल्या डायवरचा पाय जड पडते.

वैभवी: ... एक बावन्न आठ. अर्ध्या सेकंदानं. परत तेच, आई. परत मागच्या वर्षीसारखं, जराशानं.

गोपिका: मांगचं साल मांगं गेलं. किती चकरा उरल्या?

चंपतराव: चार त्रेपन्न झाले. दोन. लय झाल्या तं अडीच.

वैभवी: ... शेवटच्या वळणात चाक गवतावर गेलं. ही गेली. ही नाही धरत.

गोपिका: धरू नको. आता एक हाय. आवाज नका करू हो तुमी.

चंपतराव: मी कुठं...

गोपिका: श्वासाचाही.

वैभवी: चालली. पहिलं वळण... बरं गेलं. दुसरं.

गोपिका: आंधी दाब. हां. सोड, सोड. पाह्य तिकडे.

वैभवी: तिसरं.

गोपिका: हात ढिले.

वैभवी: हिरवं आलं. वर हिरवं दिसून राहिलं, बाबा, हिरवं म्हणजे आधीपेक्षा पुढं आहे.

गोपिका: त्याच्याकडे नको पाहू, रस्त्याकडे पाह्य. लांब सरळ आला, आता पाय नको उचलू. नको उचलू. अजून. अजून. दाब आता.

वैभवी: शेवटचं.

गोपिका: हे तुहं तुले माहीत हाय. मी नाही बोलत.

वैभवी: ...

चंपतराव: झालं? कोनी सांगीन का? चार अठ्ठावन्न झाले, झालं का?

वैभवी: एक एकावन्न नऊ.

चंपतराव: म्हनजे?

वैभवी: पंधरावी. बाबा, पंधरावी आहे मी आत्ता.

चंपतराव: झालं मंग.

वैभवी: नाही झालं. अजून दोन मिनिटं आहेत. बाकीचेही शेवटची चक्कर मारून राहिले असतील. कोणीही खाली ढकलू शकते.

गोपिका: तू अजून एक मार.

वैभवी: पाचच्या आत पूर्ण नाही होणार. आता बसायचं फक्त. बघत.

चंपतराव: हे बरं हाय. गाडी बंद, अन् नजर घड्याळावर.

वैभवी: सोळा. सोळावर गेली. कोणी एकानं टाकलं मध्ये.

गोपिका: सोळा म्हनजे अंदर हाय नं अजून?

वैभवी: शेवटची. अजून एक जण आला की बाहेर.

चंपतराव: माह्या घड्याळात पाच झाले.

गोपिका: तुमचं घड्याळ अर्धा मिनट समोर हाय, ड्युटीच्या टाइमचं.

वैभवी: वीस सेकंद. दहा. कोणी नका येऊ. प्लीज कोणी नका येऊ.

गोपिका: नाही येत कोनी.

वैभवी: बंद झाली.

गोपिका: अन् तू?

वैभवी: सोळावी. आई, वैभवी, नागपूर. सोळावी. मी आहे.

चंपतराव: पक्कं? नंतर कापत नाही नं कोनी?

वैभवी: पक्कं, बाबा. लॉक झालं. आता देव आला तरी मला काढू शकत नाही.

गोपिका: रड, बाई. रडून घे. मांगच्या साली रडली नव्हती, ते पन आजच रडून घे.

वैभवी: मी रडून नाही राहिली.

गोपिका: मंग मशीनीवर पानी कायचं पडून राहिलं? माहं लाकूड फुगन.

चंपतराव: सौरवले सांग. नाही, थांब, मी सांगतो. मौद्याले तुह्या बाबाले मी सांगतो. म्हनतो, तुमच्या पोरीनं शंभर गाड्या मांगं टाकल्या.

वैभवी: चौऱ्याऐंशी, बाबा.

चंपतराव: शंभर सांगतो. त्याहीले कोठी मोजाचं हाय?

वैभवी: आई, या. बसा इथं.

गोपिका: मी कायले? मी चहा ठेवतो.

वैभवी: चहा मी ठेवते. तुम्ही बसा. एक चक्कर मारा. वळणं तुमच्याच सांगण्यावर निघाली, अन् तुम्ही चाकाला हात न लावता उठणार?

गोपिका: व्हॅन देऊन तीन वर्षं झाले. गुडघा ऐकत नाही.

वैभवी: क्लच नाही यात. दोनच पेडल लागतात. गुडघ्याला काही काम नाही.

गोपिका: हसशीन तू.

वैभवी: नाही हसत. मी स्वयंपाकघरात जाते, मला दिसणारच नाही.

गोपिका: ... हे तं जिवंत लागते हाताले. कसं थरथरते. अन् तुमी कोठी चालले खुर्ची वढत?

चंपतराव: इथं. तुह्या बाजूले.

गोपिका: अठरा वर्षं व्हॅन चालवली म्या. बाजूचं शीट रिकामंच राहे. एक डाव बसले नाही तुमी.

चंपतराव: वाटे, लोक पाहतीन. म्हनतीन, बायको चालवून राहिली अन् हा बाजूले बसला.

गोपिका: अन् आता?

चंपतराव: पाहू दे. चाल.